तेलातला मळ आणि तो काढण्याचे मार्ग

कारखान्यात तेल तपासायची सर्वांत जुनी रीत अजून सुखरूप आहे. मेंटेनन्सचा माणूस टाकीत बोट बुडवतो, अंगठ्यावर चोळतो, उजेडात धरतो आणि निकाल देतो, ‘चालेल अजून सहा महिने.’ तेल शुद्ध करण्याची यंत्रं विकणारेही याच नजरेवर धंदा करतात. साहेबांच्या टेबलावर दोन बाटल्या मांडायच्या, एकीत काळपट तेल, दुसरीत सोनेरी. बाकी बोलायची गरज पडत नाही.

पण या विषयात डोळ्यासारखा कच्चा साक्षीदार दुसरा नाही. नुसत्या डोळ्याला साधारण ४० मायक्रॉनपेक्षा लहान कण दिसत नाही. माणसाचा केसच ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. सर्व्हो व्हॉल्व्हच्या स्पूल आणि स्लीव्हमधली फट असते १ ते ४ मायक्रॉन, आणि बॉल बेअरिंगमध्ये गोळी व रेस यांच्यामधला तेलाचा थर तर पुष्कळदा एका मायक्रॉनहूनही पातळ. फटीत नेमका बसेल एवढा कण सगळ्यांत घातक. त्याहून मोठा आत शिरत नाही, त्याहून बारीक निसटून जातो. म्हणजे यंत्राची नासाडी करणारा मळ दिसणाऱ्यांतला नाहीच.

त्यामुळे ‘तेल गाळायची चांगली पद्धत कुठली’ हा प्रश्न अर्धवट आहे. मळ कुठला, ते आधी विचारायला हवं. धूळ आणि धातूचे कण हा एक प्रकार, पाणी हा दुसरा, आणि तेल स्वतः जुनं होऊन त्यात तयार झालेली आम्लं आणि चिकट राळ हा तिसरा. बाजारातली प्रत्येक पद्धत यांपैकी एका-दोघांना पकडते आणि उरलेल्यांना खुशाल वाट देते. कारखान्यांचा या कामावरचा बराचसा खर्च वाया जातो तो इथेच.

कण मोजायची रीत आता ठरलेली आहे. आयएसओ ४४०६ या मानकात तेलाची स्वच्छता तीन आकड्यांत सांगतात. एक मिलिलिटर तेलात ४ मायक्रॉनपेक्षा मोठे कण किती, ६ पेक्षा मोठे किती आणि १४ पेक्षा मोठे किती, याचे ते आकडे. १८/१६/१३ म्हणजे अनुक्रमे १,३०० ते २,५००, ३२० ते ६४० आणि ४० ते ८० कण. आकडा एकाने वाढला की कण दुप्पट झाले असं समजायचं. १८ चा २१ झाला तर ऐकायला फरक किरकोळ वाटतो, प्रत्यक्षात मळ आठपट वाढलेला असतो. आपल्याकडच्या पर्चेस ऑर्डरींवर मात्र अजून ‘नास ७’ किंवा ‘नास ८’ असंच लिहिलेलं सापडतं. नास १६३८ हे १९६४ चं अमेरिकी विमान उद्योगाचं मानक. त्या उद्योगाने ते केव्हाच मागे टाकलं, पण आपल्या मशीनच्या मॅन्युअलांतून ते काही हलायला तयार नाही.

नवं तेल स्वच्छ असतं, या समजुतीने तर जितकं नुकसान होतं तितकं जुन्या तेलानेही होत नसेल. सीलबंद बॅरलमधलं तेल सर्व्हो व्हॉल्व्ह असलेल्या यंत्रात थेट ओतण्याच्या लायकीचं बहुधा नसतं. रिफायनरीतून टँकर, टँकरमधून ब्लेंडिंगची टाकी, तिथून बॅरल, या प्रवासात कण भरत जातात. त्यावर आपण आपली भर घालतो. २१० लिटरचं बॅरल शेडबाहेर उभं ठेवलेलं असतं. दुपारी पत्रा तापतो, आतली हवा फुगते आणि बुचाच्या आट्यांतून थोडी बाहेर पडते. संध्याकाळी पावसाची सर येते, पत्रा झटकन गार होतो, आतली हवा आकसते आणि बाहेरचं काहीतरी आत ओढलं जातं. त्या वेळी बॅरलच्या काठाआड झाकणावर बोटभर पाणी साचलेलं असलं, की आत हवेऐवजी तेच जातं. जून ते सप्टेंबर हे रोज चालतं. उपाय फुकटचा आहे. बॅरल आडवं ठेवायचं, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी येतील असं. मग बुचं आतून तेलाखाली राहतात आणि हवा खेळत नाही. हे प्रत्येक तेल कंपनीच्या पत्रकात छापलेलं असतं आणि बॅरलं तरीही उभीच असतात, कारण आडवं बॅरल जागा जास्त खातं.

मळ आत येण्याची दुसरी वाट ब्रीदरची. हायड्रॉलिक सिलिंडर बाहेर आला की टाकीतली पातळी उतरते, आत गेला की चढते, आणि तेवढी हवा टाकीत ये-जा करते. ब्रीदरच्या टोपीत जाळी असते, पण ती टोपी बरेचदा हरवलेली असते आणि तिच्या जागी कापडाचा बोळा कोंबलेला असतो. फाउंड्रीच्या शेजारी किंवा साखर कारखान्यात बगॅसचा भुगा उडत असतो तिथे या बोळ्याचा उपयोग काय, ते सांगायला नको. टाकी पुसायला वापरलेल्या कॉटन वेस्टचे धागे ही तिसरी वाट. ते तेलात सुटतात आणि थेट सक्शनच्या जाळीवर जाऊन बसतात. हे तीन दरवाजे उघडे ठेवून फिल्टर कितीही भारी बसवला तरी तो फक्त लवकर भरतो.

आता पद्धतींकडे. सगळ्यांत साधी पद्धत म्हणजे तेल टाकीत स्थिर ठेवायचं आणि गाळ बसू द्यायचा. स्टोक्सने १८५१ मध्ये मांडलेल्या नियमानुसार कण निम्मा झाला की बसण्याचा वेग चौथाई होतो. हिशोब करून पाहण्यासारखा आहे. व्हीजी ४६ (व्हिस्कॉसिटी ग्रेड ४६) तेल ४० अंशांवर असेल तर ५ मायक्रॉनचा वाळूचा कण तासाला जेमतेम २ मिलिमीटर खाली सरकतो. अर्धा मीटर खोल टाकीचा तळ गाठायला त्याला दहा दिवस लागतील, तेही तेल अजिबात न हलता. पाण्याचे मोठे थेंब आणि जाड कीस यांच्यासाठी ही पद्धत ठीक, आणि म्हणून टाकीचा ड्रेन दर आठवड्याला उघडून तळाचं पाणी काढण्याला अजूनही तोड नाही. पण घातक कण असे बसत नाहीत.

गुरुत्वाकर्षण पुरत नसेल तर ते वाढवायचं, ही सेंट्रिफ्यूजची युक्ती. स्वीडनच्या गुस्ताफ दे लावालने १८७८ मध्ये दुधातली साय वेगळी करायचं यंत्र केलं. तेच तत्त्व पुढे तेलात आलं, आणि त्याच्या कंपनीचा वारसा सांगणाऱ्या अल्फा लावालचा कारखाना पुण्याजवळ दापोडीला आहे. एकावर एक रचलेल्या शंकूसारख्या तबकड्या वेगाने फिरतात, पाणी आणि जड गाळ बाहेरच्या कडेला जातो, तेल आत राहतं. जहाजाच्या इंजिन रूममध्ये हे यंत्र म्हणजे ‘प्युरिफायर’, आणि त्याच्याशिवाय जहाजाचं पान हलत नाही. भरपूर पाणी, भरपूर गाळ, मोठी टाकी असेल तर सेंट्रिफ्यूजला स्पर्धा नाही, शिवाय एलिमेंट बदलायचा खर्चही नाही. पण त्याला तेल आणि मळ यांच्या घनतेतला फरक लागतो. विरघळलेल्या पाण्यापुढे ते हतबल आहे, आणि इमल्शन पक्कं जमलं असेल तरीही.

गाळण्याच्या पद्धतींत सगळ्यात जास्त फसवणूक ‘मायक्रॉन’ या एका शब्दाने होते. तारेची जाळी चहाच्या गाळणीसारखी असते, भोकापेक्षा मोठं ते वर, लहान ते खाली. सक्शन स्ट्रेनर असतो तो याच जातीचा, १२५ मायक्रॉनच्या आसपासचा. तो पंपात बोल्ट-नट जाऊ नये म्हणून असतो, तेल स्वच्छ करायला नाही. कागदी किंवा काचतंतूंचा एलिमेंट मात्र वेगळ्या रीतीने काम करतो. त्यात ठरावीक मापाची भोकं नसतातच. तंतूंच्या जाळ्यातून वळणं घेत जाताना कण कुठेतरी अडकतो, किंवा अडकत नाही. म्हणजे १० मायक्रॉनचा फिल्टर १० मायक्रॉनचे किती कण पकडतो, हा खरा प्रश्न. ‘नॉमिनल १० मायक्रॉन’ असं लिहिलेलं असेल तर उत्तर बनवणाऱ्याच्या मर्जीवर. या मोघमपणाला आळा घातला तो ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटीत अर्नेस्ट फिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांच्या मल्टिपास चाचणीत तेलात मोजून धूळ घालतात, तेच तेल फिल्टरमधून पुन्हा पुन्हा फिरवतात, आणि आधीचे व नंतरचे कण मोजतात. आज ती आयएसओ १६८८९ म्हणून ओळखली जाते.

त्यातून येतो बीटा रेशो, म्हणजे आधीच्या आणि नंतरच्या कणांचं गुणोत्तर. बीटा १० बरोबर २ असेल तर १० मायक्रॉनवरच्या दोन कणांतला एक निसटतो. ७५ असेल तर ९८.७ टक्के कण अडतात, २०० असेल तर ९९.५, आणि १००० असेल तर ९९.९ टक्के. दोन फिल्टर, दोघांवर ‘१० मायक्रॉन’, एकाची किंमत दुसऱ्याच्या तिप्पट, आणि पर्चेसवाला अर्थातच स्वस्तातला घेतो. बीटा विचारला असता तर त्याला कळलं असतं की तो एकाच मालाचे दोन भाव नव्हे, दोन वेगळे माल पाहतोय.

फिल्टर कितीही चांगला असला तरी त्याच्या घरात एक चोरवाट मुद्दाम ठेवलेली असते, ती म्हणजे बायपास व्हॉल्व्ह. एलिमेंट भरला आणि दाब वाढला की तो उघडतो, नाहीतर एलिमेंट फाटेल किंवा पंप उपाशी राहील. हिवाळ्यात पहाटे तापमान १० अंशांवर असताना पहिली शिफ्ट मशीन सुरू करते, तेव्हा व्हीजी ६८ तेल ४० अंशांवर असतं त्याच्या पाचपटीहून अधिक दाट असतं. त्या वेळी नवा कोरा एलिमेंट असूनही बायपास उघडू शकतो, आणि रात्रभर तळाशी बसलेला मळ न गाळता थेट व्हॉल्व्हकडे जातो. फिल्टरवरचं लाल बटण वर आलंय का, हे बघण्याची सवय जिथे आहे तिथे निम्मी दुखणी आधीच कळतात. तेल गरम झाल्यावर बटण दाबून पाहायचं आणि ते परत वर आलं तरच एलिमेंट बदलायचा, हेही त्यातच आलं.

मुख्य लाइनवरच्या फिल्टरला दाब आणि प्रवाहाचे चढउतार सोसावे लागतात, आणि त्या धक्क्यांनी पकडलेले कण पुन्हा सुटतात. म्हणून ऑफलाइन फिल्टर, ज्याला शॉपमध्ये ‘किडनी लूप’ म्हणतात. टाकीला स्वतंत्र छोटा पंप, मंद आणि एकसारखा प्रवाह, जाड सेल्युलोजचा एलिमेंट, आणि मशीन बंद असलं तरी चोवीस तास चालू. सेल्युलोज थोडंफार पाणीही पितं. माझ्या मते मध्यम आकाराच्या हायड्रॉलिक यंत्रांसाठी रुपयामागे सर्वांत जास्त फायदा देणारी पद्धत हीच. तिचंच चाकांवरचं रूप म्हणजे फिल्टर ट्रॉली, आणि नवं तेल बॅरलमधून टाकीत जातानाही त्या ट्रॉलीतूनच जायला हवं.

पाण्याची गोष्ट वेगळी आहे. तेलात पाणी तीन अवस्थांत राहतं, विरघळलेलं, इमल्शन झालेलं आणि तळाशी मोकळं बसलेलं. तेल दुधी दिसायला लागतं ते दुसऱ्या अवस्थेत, तोवर बेअरिंगचं नुकसान सुरू झालेलं असतं. शॉपमध्ये तव्याची चाचणी करतात. १५० अंशांच्या आसपास तापवलेल्या पत्र्यावर तेलाचा थेंब टाकायचा. तडतडला तर पाणी आहे. पण साधारण ५०० पीपीएमखाली हा तवा गप्प बसतो. नेमकं हवं असेल तर कार्ल फिशर टायट्रेशन, म्हणजे जर्मन रसायनज्ञाने १९३५ मध्ये दिलेली पद्धत. ती आजही शेवटचा शब्द आहे. मोकळं पाणी ड्रेनने किंवा सेंट्रिफ्यूजने जातं, बारीक थेंब कोअलेसरमध्ये एकत्र येऊन जड होतात, मात्र त्यासाठी तेलात डिटर्जंट अॅडिटिव्ह नसावं लागतं. विरघळलेलं पाणी काढायला व्हॅक्यूमच हवा. ५० मिलिबार दाबाला पाणी ३३ अंशांवरच उकळतं. तेल ६०-६५ अंशांपर्यंत तापवून पातळ पडद्यासारखं व्हॅक्यूम टाकीत पसरलं, की तेल न करपता पाणी आणि विरघळलेली हवा दोन्ही निघून जातात.

व्हॅक्यूमचं खरं घर म्हणजे ट्रान्सफॉर्मर. पूर्वी सबस्टेशनमध्ये फिल्टर प्रेस असायची. भट्टीत वाळवलेल्या टीपकागदाच्या थरांतून तेल दाबून काढायचं आणि कागद ओले झाले की बदलायचे. आता हीटर, व्हॅक्यूम टाकी आणि बारीक फिल्टर एकाच ट्रेलरवर येतात. निकाल बीडीव्हीने, म्हणजे ब्रेकडाउन व्होल्टेजने ठरतो. अडीच मिलिमीटर अंतरावरच्या दोन इलेक्ट्रोडमध्ये तेल ठेवून किती किलोव्होल्टला ठिणगी पडते ते पाहायचं. आयएस ३३५ नुसार नव्या तेलाने प्रक्रियेआधी किमान ३० केव्ही सोसायला हवं, आणि शुद्ध केल्यावर त्याच्या दुपटीहून जास्त. फिल्टरेशन झालं, बीडीव्ही ७० आला, कंत्राटदाराचं बिल निघालं. तीन-चार महिन्यांनी पुन्हा नमुना घेतला तर आकडा घसरलेला. मग कंत्राटदारावर संशय.

बरेचदा त्याचा दोष नसतो. ट्रान्सफॉर्मरमधलं बहुतेक सगळं पाणी तेलात नसतंच, ते वाइंडिंगभोवतीच्या कागदात असतं. तेल २५ अंशांवर ६०-७० पीपीएम पाणी विरघळवू शकतं, ८० अंशांवर ४०० हून अधिक. त्यामुळे भार वाढून ट्रान्सफॉर्मर तापला की कागद पाणी तेलात सोडतो, थंड झाला की तेल ते परत कागदाला देतं. आपण वाळवलं फक्त तेल, ओल राहिली कागदात, आणि काही आठवड्यांत समतोल पुन्हा जमला. म्हणून एकदा येऊन दोन दिवसांत जाणाऱ्या मशीनपेक्षा महिनोन्महिने हळूहळू चालणारं छोटं ड्रायर युनिट जुन्या ट्रान्सफॉर्मरला जास्त मानवतं. आणि नमुना घेताना तेलाचं तापमान लिहिलं नसेल तर पीपीएमच्या आकड्याला अर्थ नाही. ब्रीदरमधली निळी सिलिका जेल गुलाबी होऊन वर्ष झालं असेल, तर मग वरची सगळीच चर्चा सोडून द्यावी.

तिसरा मळ, म्हणजे तेल जुनं होऊन बनलेली राळ, हा अलीकडचा डोकेदुखीचा विषय. त्याला व्हार्निश म्हणतात. टर्बाइन तेलं जुन्या ग्रुप १ बेस ऑइलवरून जास्त शुद्ध ग्रुप २ वर आली, तेव्हा ती टिकाऊ झाली, पण विरघळवण्याची ताकद घटली. त्यामुळे ऑक्सिडेशनची उत्पादनं तेलात राहण्याऐवजी थंड पृष्ठभागांवर, सर्व्हो व्हॉल्व्हच्या स्पूलवर आणि बेअरिंगवर थरासारखी बसू लागली. हे कण एका मायक्रॉनहून बारीक, आणि तेल गरम असताना विरघळलेले. यांत्रिक फिल्टर त्यांना पाहूच शकत नाही. त्यांच्या चाचणीतच ही मेख दिसते. एएसटीएम डी७८४३ मध्ये नमुना आधी दिवसभर ६०-६५ अंशांवर तापवतात, मग सुमारे तीन दिवस खोलीच्या तापमानाला प्रकाशापासून दूर ठेवतात, आणि त्यानंतरच पातळ पडद्यातून गाळून पडद्याचा रंग मोजतात. यंत्रातून काढल्या काढल्या तपासलं तर अहवाल निर्मळ येऊ शकतो.

व्हार्निशवर दोन उपाय. एक इलेक्ट्रोस्टॅटिक क्लीनर. हजारो व्होल्टच्या डीसी क्षेत्रातून तेल सावकाश जातं आणि विद्युतभारित कण कागदी पट्ट्यांवर ओढले जातात. अतिबारीक कणांसाठी पद्धत नामी, पण तेलात पाणी असेल तर ती कामाची नाही, म्हणून आधी तेल वाळवणं आलं. दुसरा उपाय रेझिनचा, जो विरघळलेली राळ आणि आम्लंही शोषतो. गंमत अशी की काही ठिकाणी व्हार्निशला फिल्टरच हातभार लावतो. कोरड्या ग्रुप २ तेलातून दाट काचतंतूंचा फिल्टर जोरात प्रवाह ओढतो तेव्हा स्थिर विद्युत साचते, आणि फिल्टरच्या घरातून टकटक आवाज येऊ लागतो. त्या ठिणग्या तेल जाळतात. अशा वेळी जास्त बारीक फिल्टर बसवणं म्हणजे दुखणं वाढवणं.

मशीन शॉपमधल्या कटिंग ऑइल आणि कूलंटसाठी आणखी वेगळी हत्यारं आहेत. ग्राइंडिंगला मॅग्नेटिक सेपरेटर आणि पेपर बँड, होनिंगच्या तेलाला बारीक प्रीकोट किंवा कार्ट्रिज फिल्टर, कूलंटवर तरंगणाऱ्या स्लाइडवेच्या तेलाला बेल्ट स्किमर. सोमवारी सकाळी शॉपमध्ये येणारा सडक्या अंड्यांचा वास त्या तरंगत्या थरामुळेच. त्याखाली हवा पोचत नाही आणि हवेविना जगणारे जिवाणू रविवारी मोकाट सुटतात. क्वेंचिंग ऑइलमध्ये तर पाणी हा शुद्धतेचा नव्हे, आगीचा प्रश्न आहे. लाल जॉब बुडाला की तळाचं पाणी क्षणात वाफ होऊन तेल टाकीबाहेर उसळतं.

इतकं करूनही गाळण्याने न परतणारं असं काही तेलात असतंच. खर्ची पडलेलं अँटिऑक्सिडंट, वाढलेला अॅसिड नंबर, चुकून मिसळलेलं दुसऱ्या ग्रेडचं तेल, यांवर फिल्टर चालत नाही. उलट फार बारीक गाळणं सिलिकॉनचं फेसरोधक अॅडिटिव्हही काढून टाकू शकतं. म्हणून दोन बाटल्यांचा खेळ करणाऱ्याला एवढंच विचारावं, अॅसिड नंबर आणि व्हिस्कॉसिटी आधी किती होती आणि नंतर किती. ट्रान्सफॉर्मर तेलाची आम्लता मुलतानी मातीतून तेल नेऊन खरोखर खाली आणता येते, आणि ती प्रक्रिया जुनी व भरवशाची आहे. इतर तेलांतून मात्र मातीबरोबर चांगली अॅडिटिव्हही जातात.

ज्याचं काहीच होत नाही ते तेल री-रिफायनिंगला. पूर्वी सल्फ्युरिक अॅसिड आणि माती वापरून ते करत, आणि मागे उरणारा आम्लयुक्त चिखल मूळ तेलापेक्षा भयंकर असे. आता व्हॅक्यूम डिस्टिलेशन आणि हायड्रोट्रीटिंगने पुन्हा बेस ऑइल मिळतं. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं तेल येतं, आणि १ एप्रिल २०२४ पासून तेल बनवणाऱ्या व आयात करणाऱ्यांवर ते परत गोळा करून पुनर्वापराला लावण्याची जबाबदारी टाकलेली आहे. मोठ्या कारखान्यांत ही साखळी नीट चालते. भोसरी किंवा वाळूजमधल्या पाच मशीनच्या जॉबवर्कवाल्याकडे मात्र वर्षाला दोन-तीन बॅरल निघतात. तेवढ्यासाठी अधिकृत रीसायकलरची गाडी येणं अवघड, भंगारवाला मात्र रोख पैसे घेऊन येतो, आणि ते तेल कुठल्यातरी भट्टीत जळतं. एका गल्लीतल्या दहा शॉपनी मिळून एक फिल्टर ट्रॉली घेतली आणि टाकाऊ तेलाची बॅरलं एका जागी जमवली, तर तेल गाळण्याचा आणि टाकाऊ तेलाचा असे दोन्ही प्रश्न बऱ्यापैकी सुटतात. पंचाईत असते ती एकच. हायड्रॉलिक ऑइलच्या बॅरलमध्ये कोणीतरी कूलंट ओतून ठेवतो, आणि मग ते अख्खं बॅरल री-रिफायनर घेत नाही.